दिवाणाच्या दप्तरातील धान्य आणि फौज

१३ मे २०२२ रोजी भारत सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. हुकूम निघाला तो वाणिज्य खात्याकडून. त्यामागे पिकाची चिंता होती, कारण त्या वर्षीच्या मार्च महिन्यातील उष्म्याने उत्तरेकडील गव्हाचे दाणे पोसले गेले नव्हते. आणि या दोहोंच्याही मागे युक्रेनमधील रणधुमाळी होती, जिने साऱ्या जगाचा धान्यबाजार तापविला होता. शेत, बंदर आणि रणांगण ही तीन स्थळे एकमेकांपासून किती जवळ आहेत, हे त्या एका हुकूमावरून कळून येते. आज दिल्लीत त्या तिहींची दप्तरे निरनिराळी आहेत. जगजीवनराम यांनी आणि पुढे शरद पवार यांनी शेती व संरक्षण ही दोन्ही खाती सांभाळली खरी, पण ती वेगवेगळ्या काळी. बडोद्याच्या राज्यात मात्र हे तिन्ही प्रश्न एकाच गृहस्थापुढे, पुष्कळदा एकाच सकाळी, येत असत. त्या गृहस्थाला दिवाण म्हणत. या दिवाणांपैकी दोघांनी मांडलेल्या हिशेबाविषयी आज मला बोलावयाचे आहे. पहिले रावजी आप्पाजी आणि दुसरे राजा सर टी. माधवराव.

आपल्या जुन्या कागदपत्रांत एक शब्द वारंवार भेटतो: घासदाणा. घास म्हणजे गवत, दाणा म्हणजे घोड्याचा चंदी-चारा. स्वारीला निघालेल्या फौजेने ज्या मुलुखातून जावयाचे त्या मुलुखाने तिच्या घोड्यांची बेगमी करावी, अशी त्याची मूळ कल्पना. पुढे फौज आली नाही तरी घासदाणा द्यावाच लागे, आणि तो करांच्या यादीत कायमचा जाऊन बसला. गुजरातेत गायकवाडांचा अंमल बसला तो याच मार्गाने. पिलाजीराव सोनगडच्या डोंगरातून खाली उतरले ते सेनापती दाभाड्यांचे सरदार म्हणून. पुढे गायकवाडांना मिळालेला किताबही ‘सेनाखासखेल’ असाच होता. १७३४ साली बडोदे शहर कायमचे हाती आले, १७५३ साली अहमदाबाद पडले, आणि गुजरातच्या उत्पन्नाची पेशवे व गायकवाड यांच्यात वाटणी झाली. लष्करी छावणीचे राज्य झाले, पण छावणीची रीत काही सुटली नाही.

ही रीत कशी होती ते काठेवाडच्या मुलुखगिरीवरून चांगले समजते. तेथील गरासदार आणि संस्थानिक आपण होऊन खंडणी देत नसत. म्हणून दरसाल फौज पाठवावयाची, आणि ती पाठवावयाची पीक उभे असताना. शिवारात हजारो घोडी सुटली म्हणजे गावाला दोनच वाटा उरत: पीक तुडवू द्यावे, किंवा पैसे मोजून ते सोडवून घ्यावे. तटबंदीच्या आत सुरक्षित बसलेला गरासदारही शेताला तटबंदी घालू शकत नाही. फौजेचे बळ तिच्या तलवारीत जितके होते, तितकेच तिच्या येण्याच्या महिन्यात होते. घरच्या मुलुखात हाच प्रकार अधिक सभ्य रूपाने चाले. शिपायाचा पगार थकला की दिवाण त्याला एखाद्या परगण्यावर वरात लिहून देई. ती वरात घेऊन जमादार कमाविसदाराच्या दारी बसे, कमाविसदार पाटलाला बसवी आणि पाटील कुणब्याला. अशा वेळी खळ्यावरची रास घरी नेण्याआधीच तिचा धनी ठरलेला असे.

सप्टेंबर १८०० मध्ये गोविंदराव महाराज वारले. गादीवर आलेले आनंदराव मनाने दुर्बळ होते. त्यांचे सावत्र बंधू कान्होजी यांनी सत्ता बळकावली, ती उलथवून रावजी आप्पाजींनी कारभार हाती घेतला, आणि तिकडे कडीचे जहागीरदार मल्हारराव गायकवाड उघड वैरी होऊन उभे राहिले. रावजींचे बंधू बाबाजी आप्पाजी यांच्याकडे फौज होती. म्हणजे महसूल एका भावाकडे आणि लष्कर दुसऱ्याकडे असा एकाच घरात सारा कारभार आला होता. परंतु शहराच्या वेशींवर पहारा होता तो अरब शिबंदीचा. या अरबांचे पगार वर्षानुवर्षे थकलेले. सावकार राज्याला कर्ज देत ते अरब जमादारांच्या जामिनकीवर, कारण दरबाराच्या शब्दापेक्षा जमादाराचा शब्द बाजारात अधिक चाले. ज्या शिपायाचे आपण देणे लागतो तोच आपल्या कर्जाला जामीन आहे आणि आपल्या वाड्याच्या किल्ल्याही त्याच्याच कमरेला आहेत, अशा स्थितीतील दिवाणाचे नुसते चित्र डोळ्यांपुढे आणावे. रावजी आप्पाजींना पुढे पुष्कळांनी दूषण दिले आहे. त्यांपैकी कोणी त्यांच्या जागी बसून हा हिशेब सोडवून पाहिला असेल असे वाटत नाही.

त्यांनी तो सोडविला असा. मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन खंबायतेस आले असता रावजी तेथे जाऊन त्यांना भेटले आणि १५ मार्च १८०२ रोजी करार झाला. कंपनीने फौज द्यावी, गायकवाडांनी तिचा खर्च द्यावा. मेजर अलेक्झांडर वॉकर यांच्याबरोबर आलेल्या पलटणींनी कडीचे बंड मोडले. मे महिन्यात मल्हारराव शरण आले. वर्षाच्या शेवटी, डिसेंबरात, याच पलटणींनी बडोदे शहराला वेढा घालून अरबांना बाहेर काढले. त्यांचे थकलेले पगार फेडण्यासाठी कंपनीने आणि सावकारांनी पुन्हा कर्ज दिले. जून १८०२ च्या करारात दोन हजार शिपायांचा तैनाती खर्च दरमहा पासष्ट हजार रुपये धरला होता. येथपर्यंत रावजींना दोष देण्यासारखे फारसे काही नाही. बंडखोर भाऊबंद आणि बेफाम शिबंदी यांच्या कात्रीतून राज्य सुटले, ही गोष्ट लहान नव्हे.

खरा प्रश्न पुढचा होता: हे पासष्ट हजार द्यावयाचे कोठून, आणि कसे? खजिन्यातून रोख, की मुलुख तोडून? रोख द्यावयाचे तर खजिन्यात काही नव्हते. कंपनीलाही रोख नको होते. अशा कर्जबाजारी दरबाराच्या हप्त्यांवर ती विसंबणार कशी? तिला जमीन हवी होती. हीच रीत तिने १८०० साली हैदराबादेस, १८०१ साली अयोध्येच्या नबाबापाशी आणि १८०२ च्या अखेरीस वसईस बाजीरावांपाशी वापरली. एकट्या वसईच्या तहात पेशव्यांनी सव्वीस लक्षांचा मुलुख लिहून दिला. तेव्हा रावजींचा करार काही एकट्या बडोद्याचा अपवाद नव्हता. १८०३ च्या जुलैत रावजी वारले, आणि २१ एप्रिल १८०५ रोजी पुऱ्या तहावर शिक्कामोर्तब झाले ते त्यांचे दत्तक पुत्र सीताराम यांच्या दिवाणगिरीत. तैनाती फौज तीन हजार पायदळ व तोफखान्याची झाली आणि तिच्या खर्चासाठी ११,७०,००० रुपये उत्पन्नाची सोय कायमची कंपनीकडे गेली.

या यादीवर थोडे थांबले पाहिजे. धोळका ४,५०,०००, नडियाद १,७५,०००, मातर १,३०,०००, महुधा १,१०,०००, विजापूर १,३०,०००, बाकीची रक्कम कडीचा टप्पा, कीम-कठोदरा आणि काठेवाडच्या खंडणीवरील एक लाखाची वरात यांतून भरून काढलेली. ज्याने हा मुलुख डोळ्यांनी पाहिला आहे त्याला हे नुसते आकडे वाटणार नाहीत. धोळक्याकडील भालचा गहू पाटाच्या पाण्यावाचून, जमिनीतील ओलीवर पिकतो. मातरकडे भाताची खाचरे. नडियाद-महुधाकडे चरोतराची गोराडू माती, जिच्यात बाजरीपासून तंबाखूपर्यंत जे पेराल ते वर येते. धोळका, नडियाद, मातर आणि महुधा या चार परगण्यांची बेरीज ८,६५,००० होते. म्हणजे संरक्षणाच्या किमतीपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा अन्नाच्या कोठारातून फेडला गेला. तिजोरी रिकामी असल्यामुळे दिवाणाने कोठार दिले, आणि तेही त्याच्या किल्लीसह.

या सौद्यातील चूक कोठे होती असे मला विचाराल तर मी म्हणेन, ती मोबदला जास्त होता यात नव्हती. चूक मोबदल्याच्या जातीत होती. तीन हजार पायदळ ही संख्या कागदावर पक्की झाली, ती आपोआप वाढणार नव्हती. जमीन मात्र वाढत जाते. पडीक जमीन लागवडीस येते, विहिरी खणल्या जातात, भाव चढतात, लोकवस्ती वाढते, आणि सारा वाढतो. १८०५ सालच्या उत्पन्नावर तोललेला मुलुख पुढील शंभर वर्षांच्या वाढीसकट दिला गेला. रोखीचा करार कितीही जड असता तरी तो आकड्याने बांधलेला राहिला असता. जमिनीच्या कराराला असा बांध नसतो. शेतीचा आणि फौजेचा कारभार एकाच घरात असल्यामुळे हे ध्यानात येण्यास अडचण नव्हती. पण रावजींच्या पायाखाली त्या वर्षी जमीन जळत होती, आणि पुढच्या शतकाचा विचार करावयास ज्याला सवड असते तो बहुधा दिवाणगिरीवर नसतो. शिवाय या करारमदारांतच रावजींना आणि त्यांच्या आप्तांना कंपनीचे संरक्षण मिळाल्याची नोंद आहे. त्यामुळे सौदा करणाऱ्याचा हात अगदी कोरडा होता असे म्हणवत नाही.

कोठाराबरोबर किल्ली गेली असे वर म्हटले, त्याचा अर्थ लवकरच दिसून आला. १८१२ सालचा पाऊस गेला आणि गुजरात-काठेवाडात मोठा दुष्काळ पडला. संवत १८६९ चे हे वर्ष लोकांच्या तोंडी ‘ओगणोतेरा’ म्हणून राहिले. अशा प्रसंगी जुना मराठी कारभारी नाक्यावर माणसे बसवी आणि धान्य मुलुखाबाहेर जाऊ देत नसे. ते नेहमी शहाणपणाचे असे असे नाही. शेजारचा उपाशी राही आणि आपला वाणी धान्य पेवात दडवी. पण निदान निर्णय त्याचा असे. आता धोळका आणि नडियाद यांच्या धान्याविषयी निर्णय मुंबईस होत होता, आणि मुंबई सरकारने त्या दुष्काळात धान्याच्या व्यापारात हात घालावयाचा नाही असेच ठरविले. अर्थशास्त्राच्या नव्या ग्रंथांचा आधार त्याला होता. बडोद्याच्या दिवाणाला मात्र आपल्याच जुन्या परगण्यांतील गव्हाविषयी बोलण्याचा अधिकार उरला नव्हता.

दुसऱ्या पारड्यातही काही टाकले पाहिजे. वॉकर यांनी १८०७ साली काठेवाडची खंडणी कायमची बांधून दिली, आणि १८२० साली गायकवाडांनी तेथे फौज न पाठविण्याचे व खंडणी कंपनीमार्फत घेण्याचे मान्य केले. ऐन सुगीत घोडदळ शिवारात शिरण्याचा प्रकार कायमचा थांबला. यात दरबाराचा मान गेला, पण काठेवाडच्या कुणब्याने त्याबद्दल अश्रू ढाळले असतील असे वाटत नाही.

आता दुसऱ्या दिवाणांकडे वळू. मध्ये पंचावन्न वर्षे गेली. १८१७ च्या तहाने तैनाती फौज आणखी वाढली, आणि शिवाय गायकवाडांनी स्वतःच्या खर्चाने तीन हजार स्वारांची तुकडी कंपनीच्या दिमतीस ठेवावी असे ठरले. त्यावर राज्याची आपली शिबंदी, शिलेदार आणि सरदारांची पथके होतीच. म्हणजे संरक्षणाची किंमत रयत तीनदा मोजीत होती: एकदा गेलेल्या परगण्यांच्या रूपाने, एकदा तुकडीच्या पगारात, आणि एकदा दसऱ्याच्या स्वारीत मिरविणाऱ्या पथकांवर. लढाई तर कोणाशीच उरली नव्हती. फौजेला काम नसले म्हणजे तिची हौस होते. खंडेराव महाराजांच्या आणि मल्हारराव महाराजांच्या काळातील रुप्याच्या व सोन्याच्या तोफा बडोद्याला ठाऊक आहेत. चांगल्या बैलजोड्या लावून त्या मिरवणुकीत ओढल्या जात. ते बैल पाहून मला नेहमी दुसरे बैल आठवतात. १८६२ साली डभोईपासून मियागावपर्यंत जी लहान रेल्वे निघाली तिचे डबेही सुरुवातीस बैलच ओढीत, आणि त्यांत असे तो प्रामुख्याने परदेशी जाणारा कापूस. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आला होता. दूरच्या लढाईने बडोद्याच्या शेतात काय पेरावे हे ठरविण्याचा तो पहिला प्रसंग असेल, शेवटचा खचित नव्हता.

एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले आणि माधवराव दिवाण होऊन आले. तंजावरकडील मराठी घराण्यात, कुंभकोणम येथे १८२८ साली त्यांचा जन्म झाला होता. त्रावणकोर आणि इंदूर येथील कारभार गाजवून ते बडोद्यास पोहोचले. त्रावणकोरात त्यांनी मिऱ्यांचा सरकारी मक्ता मोडून निर्यातीची वाट मोकळी केली होती, आणि जकातीची जाळी सैल केल्याने उत्पन्न बुडत नाही हे त्यांनी स्वतःच्या जमाखर्चात पाहिले होते. बडोद्याचे नवे महाराज सयाजीराव त्या वेळी बारा वर्षांचे बालक. त्यामुळे १८८१ च्या डिसेंबरपर्यंत सर्व अधिकार दिवाणांच्याच हाती होते, आणि शेत, नाका व छावणी ही पुन्हा एकदा एकाच गादीपुढे आली.

माधवरावांच्या कामाचा क्रम पाहण्यासारखा आहे. इजाऱ्याची पद्धत मोडून वसुली सरकारी नोकरांकडे दिली. महसुलाचा भार काझी शहाबुद्दीन यांच्यासारख्या जाणत्या माणसाच्या हाती सोपविला. जुन्या थकबाक्या सोडल्या, साऱ्याचे दर उतरविले, व्यापाराला जाचक अशा कितीतरी किरकोळ जकाती काढून टाकल्या. फौजेला मात्र त्यांनी एकदम हात लावला नाही. शिलेदार आणि सरदार ही पिढ्यान्‌पिढ्यांची माणसे, त्यांना एका हुकुमाने रस्त्यावर आणणे म्हणजे सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वीचे अरब नव्या रूपाने पुन्हा निर्माण करणे होय, हे त्यांनी ओळखले असले पाहिजे. त्यांनी शिपायाच्या पगाराची वाट बदलली. वरातीचा कागद घेऊन गावात जाण्याचे प्रयोजन उरू दिले नाही. पगार खजिन्यातून, हजेरीपत्रक पाहून. लष्करी सुधारणेच्या इतिहासात याला कोणी मोठे स्थान देणार नाही. खळ्यावर बसलेल्या कुणब्याच्या दृष्टीने मात्र यापेक्षा मोठी लष्करी सुधारणा दुसरी नव्हती.

आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तीन हजार स्वारांच्या त्या तुकडीचाही निकाल लागला. ती मोडण्यात आली आणि तिच्याबद्दल बडोद्याने इंग्रज सरकारला दरसाल ३,७५,००० रुपये द्यावे असे ठरले. ही रक्कम न्याय्य होती असे मी म्हणत नाही. जी फौज नाही तिच्याबद्दल पैसे का द्यावे, हा प्रश्न आजही विचारता येतो. पण १८०५ च्या यादीशेजारी हा आकडा ठेवला म्हणजे फरक दिसतो. या वेळी एकही गाव गेले नाही. आकडा ठरला आणि तेथेच राहिला. रुपया स्वस्त होत गेला तसा तो आपोआप हलका होत गेला. रावजींनी वाढणारी वस्तू देऊन न वाढणारी वस्तू घेतली होती, आणि येथे देणेच न वाढणारे झाले.

तरीही गेलेले कोठार परत येणार नव्हते. बडोद्याचे राज्य म्हणजे बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे चार विखुरलेले प्रांत, मधून मधून इंग्रजी जिल्हे आणि इतर संस्थाने पेरलेली. अशा मुलुखात धान्याची निर्यात रोखतो म्हटले तरी नाके किती ठिकाणी बसवावयाचे? संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० सालचा, छप्पन्नाचा दुष्काळ पडला तेव्हा ही स्थिती सर्वांच्या प्रत्ययास आली. आगगाडीमुळे बाहेरचे धान्य येऊ शकत होते. पण गुरांना वैरण नव्हती आणि माणसांच्या गाठीला ते धान्य घेण्यास दाम नव्हता. बैल मेले म्हणून पुढच्या वर्षी नांगर चालला नाही. सयाजीराव महाराज स्वतः गावोगाव फिरले आणि त्या दौऱ्याची टिपणे त्यांनी पुढे प्रसिद्ध केली. राजाने लिहिलेली अशी टिपणे आपल्याकडे विरळाच. १८९१ च्या खानेसुमारीत राज्याची लोकसंख्या २४,१५,३९६ होती. १९०१ साली ती १९,५२,६९२ भरली. दहा वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे उणी झाली, आणि त्या दहा वर्षांत बडोद्यावर कोणी शत्रू चालून आला नव्हता. ज्या रक्षणासाठी धोळका आणि नडियाद दिले होते ते रक्षण अगदी अबाधित होते.

त्यानंतरच्या दिवाणांपैकी सर व्ही. टी. कृष्णम्माचारी यांचे नाव घेतले पाहिजे. १९२७ ते १९४४ इतका दीर्घ काळ ते येथे होते. १९३२ साली कोसंब्यास त्यांनी ग्रामसुधारणेचे केंद्र काढले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या विमानदलातील १२४ क्रमांकाच्या पथकाला बडोद्याचे नाव मिळाले आणि त्याची स्पिटफायर विमाने इंग्लंडच्या आकाशात उडू लागली. दिवाणाच्या संरक्षण खात्याची मजल अशी समुद्रापार गेली होती. घरी मात्र त्याच काळात धान्याच्या तुटीचा आणि मापून वाटण्याचा प्रश्न उभा होता. बडोदे सोडल्यानंतर, १९५२ साली, ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद भारत सरकारने याच कृष्णम्माचारींना दिले, आणि त्या समितीच्या शिफारशींतून पुढची सामूहिक विकास योजना आकारास आली.

१ मे १९४९ रोजी बडोद्याचे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले आणि दिवाणाची गादी संपली. १८०५ च्या यादीतील विजापूर त्याआधीच गायकवाडांकडे परत आले होते. गायकवाडांकडे शेवटपर्यंत राहिलेला पेटलाद आणि तहात गेलेले नडियाद, मातर व महुधा हे विलीनीकरणानंतर खेडा जिल्ह्यात एकत्र आले, आणि चरोतराचा सारा तब्बल १४४ वर्षांनी पुन्हा एका दप्तरात लिहिला जाऊ लागला. १९९७ साली आणंद हा निराळा जिल्हा झाला तेव्हा पेटलाद तिकडे गेले आणि नडियाद खेड्यातच राहिले. या वेळी वाटणी करताना कोणत्याही फौजेचा खर्च मध्ये नव्हता.